कौलापूर्वीचे गाऱ्हाणे

गोमंतकातील देवळांत कौलप्रसाद घेण्याची रीत आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवितात, पुजारी यजमानाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो, आणि जमलेली मंडळी कोठली पाकळी पडते ह्याकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा. लहानपणी आमचेही सारे लक्ष त्या पाकळीकडे असे. पुढे वकिलीचा व्यवसाय पत्करला आणि आमचे लक्ष पाकळीवरून गाऱ्हाण्याकडे वळले. आमच्या कुलदेवतेच्या देवळातील एक वृद्ध पुजारी पाकळी लावण्यापूर्वी यजमानास हटकून विचारीत, "उजवी पडली तर काय करणार, डावी पडली तर काय करणार, ते आधी सांगा." ज्यास हे सांगता येत नसे त्यास ते म्हणत, "मग आज घरी जा, विचार करा आणि उद्या या." प्रश्न विचारणाऱ्यालाच जर त्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर देवाने उत्तर द्यावे तरी कशाचे?

देवाच्या कौलास जी शिस्त लागते ती लोकांच्या कौलासही लागते, असे आमचे म्हणणे आहे. दिनांक १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जे मतदान झाले त्यास आपल्या लोकांनी 'जनमत कौल' हे नाव दिले, ते मोठे समर्पक होते. त्या दिवशीची चुरस, मिरवणुका, गाणी आणि घराघरांत पडलेले तट ह्यांच्या हकिकती आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. आमचा जन्म त्यानंतरचा. फूल जिंकले की दोन पाने, हे सर्वांस पाठ आहे. परंतु त्या मतपत्रिकेवरील प्रश्न कोणी लिहिला, कसा लिहिला, आणि तो वेगळ्या शब्दांत लिहिला असता तर काय झाले असते, असे कोणी विचारीत नाही. विजयाची आणि पराजयाची स्मृती राहते; गाऱ्हाणे विस्मृतीत जाते.

ह्या विसरलेल्या बाजूचा अभ्यास करावयाचा तर दृष्टी अमेरिकेकडे वळवावी लागते. आपल्याकडे असा कौल एखाद्या पिढीत एकदा होतो. तेथील राज्यांत तो नित्याचा झाला आहे. डेलावेअर हे एक राज्य सोडले तर इतर सर्व राज्यांत विधिमंडळाने सुचविलेली राज्यघटनेची दुरुस्तीदेखील मतदारांपुढे ठेवावी लागते. सुमारे निम्म्या राज्यांत तर नागरिकांनी ठराविक सह्या गोळा करून स्वतःच कायद्याचा मसुदा मतदानास घालण्याची सोय आहे. ही सोय प्रथम साउथ डाकोटाने १८९८ मध्ये केली. ओरेगॉनने १९०२ मध्ये ती स्वीकारली आणि १९०४ पासून ती प्रत्यक्ष वापरली. ओरेगॉनातील चळवळीचा सूत्रधार विल्यम यूरेन हा तरुणपणी लोहारकाम केलेला वकील होता. स्वित्झर्लंडातील लोकांच्या प्रत्यक्ष कायदेकारीविषयीचे एक पुस्तक त्याच्या वाचनात आले आणि त्याने तोच ध्यास घेतला. कॅलिफोर्नियात रेल्वे कंपनीने विधिमंडळ आपल्या मुठीत ठेवले होते. हिराम जॉन्सन ह्यांनी त्या कंपनीविरुद्ध रान उठवून गव्हर्नरपद मिळविले आणि १९११ मध्ये तेथेही हा अधिकार लोकांच्या हाती आला.

अधिकार मिळाला खरा, पण त्याबरोबर एक अडचणही आली. १९१४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारापुढे एकाच मतपत्रिकेवर ४८ प्रस्ताव आले. शेतातून किंवा कारखान्यातून थेट मतदानास आलेला गृहस्थ पानोपान कायद्याचे कलम वाचीत बसणार नाही, हे उघड होते. म्हणून मतपत्रिकेवर संपूर्ण मसुदा न छापता त्याचे शीर्षक आणि थोडक्यात सार छापावयाचे, असे ठरले. हे शीर्षक म्हणजेच लोकांच्या कौलापूर्वीचे गाऱ्हाणे होय. बहुसंख्य मतदार मसुद्यावर नव्हे, तर शीर्षकावर मत देतो. त्यामुळे मसुदा लिहिणाऱ्यापेक्षा शीर्षक लिहिणाऱ्याच्या हाती अधिक सत्ता जाते. ही सत्ता बेलगाम राहू नये म्हणून त्या राज्यांनी शतकभर जे नियम घडविले त्यांचा इतिहास रुक्ष नाही. प्रत्येक नियमामागे कोणाची ना कोणाची फसगत किंवा निदान फसगतीची तक्रार उभी आहे.

कॅलिफोर्नियाचा नियम पाहावा. तेथे शीर्षक आणि सार राज्याच्या ॲटर्नी जनरलने शंभर शब्दांच्या आत लिहावयाचे असते. ते खरे व निःपक्षपाती असावे. ते प्रस्तावाच्या बाजूचा किंवा विरुद्ध बाजूचा युक्तिवाद होऊ नये. त्याने मतदाराचे मन आधीच कलुषित होऊ नये, असा दंडक आहे. नियम उत्तम आहे. तथापि निःपक्षपाती भाषादेखील दुर्बोध असू शकते, ह्याचा धडा १९६४ साली मिळाला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६३ मध्ये, विधिमंडळाने 'रमफर्ड कायदा' म्हणून प्रसिद्ध असलेला कायदा केला होता. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म पाहून कोणास नाकारू नये, असा त्याचा आशय होता. घरमालकांच्या व दलालांच्या संघटनांस तो रुचला नाही. त्यांनी सह्या गोळा करून 'प्रस्ताव १४' मतदानास आणला. मतपत्रिकेवर त्याचे शीर्षक 'निवासी मिळकतीची विक्री व भाडेपट्टा' असे साधे होते. त्याखालील साराचा अर्थ आमच्या भाषेत मांडावयाचा तर असा: आपली निवासी मिळकत आपल्या मर्जीप्रमाणे कोणासही विकण्यास वा भाड्याने देण्यास नकार देण्याचा व्यक्तीचा हक्क नाकारण्यास अथवा संकुचित करण्यास राज्यास मनाई.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. त्यात नकार आहे, नाकारणे आहे आणि मनाई आहे. ह्या तीन नकारांवर मतदाराने आपला चौथा 'नाही' लावावयाचा, आणि तो कोणी? ज्यास भेदभाव नको आहे त्याने. ज्यास भेदभावाची मुभा हवी आहे त्याने मात्र 'होय' म्हणावयाचे. त्या वाक्यात असत्य काही नव्हते. वकिलाच्या दृष्टीने ते काटेकोरही होते. परंतु ज्या कायद्याच्या मुळावर हा घाव होता त्याचे नाव त्यात नव्हते आणि वर्णाचा उच्चारही नव्हता. प्रस्ताव सुमारे ६५ टक्के मतांनी संमत झाला. एवढे मताधिक्य केवळ शब्दांच्या गोंधळामुळे मिळाले असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांस आपण काय मागत आहोत हे पुरते ठाऊक होते. पण कोणास ठाऊक होते आणि कोणास नव्हते, ह्याचा निवाडा त्या मतपत्रिकेवरून करता येत नाही, हाच तिचा दोष. पुढे १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि १९६७ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती अवैध ठरविली. तो निकाल शब्दांवर नव्हे, तर समतेच्या तत्त्वावर होता.

दुर्बोधता हा पहिला शत्रू. दुसरा त्याहून सूक्ष्म आहे. तो म्हणजे नाव. एकाच गोष्टीची दोन नावे असतात आणि प्रत्येक नावाच्या पोटात एक निकाल दडलेला असतो. १९९६ साली कॅलिफोर्नियात 'प्रस्ताव २०९' आला. सरकारी नोकऱ्या, शिक्षण व कंत्राटे ह्यांत वंश किंवा स्त्री-पुरुष भेद पाहून कोणाविरुद्ध भेदभाव करू नये व कोणास झुकते मापही देऊ नये, अशी त्याची भाषा होती. ज्या योजनांवर त्याचा परिणाम होणार होता त्यांस त्या देशात 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' म्हणतात. मागे राहिलेल्या समाजांस आणि स्त्रियांस संधी मिळावी म्हणून केलेली ती खास तरतूद. हे नाव शीर्षकात व सारात कोठेच नव्हते. विरोधक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने शीर्षक बदलावे असे म्हटले; वरच्या न्यायालयाने तो हुकूम फिरवला. त्या संज्ञेचा अर्थ निश्चित नाही आणि मसुद्यातीलच शब्द शीर्षकात घेणे गैर नाही, असा त्याचा अभिप्राय होता. प्रस्ताव सुमारे ५५ टक्के मतांनी संमत झाला.

पुढच्याच वर्षी टेक्ससमधील ह्यूस्टन शहरात जवळजवळ ह्याच शब्दांचा प्रस्ताव सह्यांनिशी आला. तेथील नगरमंडळाने मतपत्रिकेवर वेगळे शब्द घातले: शहराच्या नोकऱ्यांत व कंत्राटांत स्त्रिया व अल्पसंख्य समाज ह्यांच्यासाठी असलेली 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' बंद करावी काय? ह्या वेळी सुमारे ५५ टक्के मते विरुद्ध पडली. प्रस्ताव आणणारे आता न्यायालयात गेले आणि तो वाद टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आदल्या वर्षी एक पक्ष जी तक्रार करीत होता, तीच तक्रार ह्या वर्षी त्याच्या प्रतिपक्षाच्या तोंडी आली. पक्षकार बदलला म्हणजे तत्त्वही बदलते, हा अनुभव आम्हां वकिलांस नवा नाही.

ह्यावरून शब्दच सर्व काही ठरवितात, असा सिद्धांत बांधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ह्यूस्टनचे मतदार कॅलिफोर्नियाच्या मतदारांहून वेगळे होते आणि तेथील महापौर बॉब लॅनिअर ह्यांनी प्रस्तावाविरुद्ध जोराचा प्रचार केला होता. शिवाय २००६ साली मिशिगन राज्यात अशाच प्रस्तावाच्या मतपत्रिकेवर 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' आणि 'झुकते माप' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले होते; तेथे तो ५८ टक्के मतांनी संमत झाला. तेव्हा शब्द निकाल लावतातच असे नाही. पण जेथे लढत अटीतटीची आहे तेथे ते तराजूत टाकलेल्या गुंजेसारखे काम करतात. आणि ती गुंज कोणी टाकली हे हरणाऱ्याच्या मनातून कधी जात नाही.

तिसरा शत्रू मौन. ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण फ्लोरिडातील आहे. तेथे शीर्षकास १५ शब्दांची आणि सारास ७५ शब्दांची मर्यादा असून भाषा स्पष्ट व निःसंदिग्ध असावी असा कायदा आहे. १९७६ च्या एका घटनादुरुस्तीने माजी आमदारांस पद सोडल्यावर दोन वर्षे सरकारदरबारी कोणाची वकिली करण्यास, म्हणजे पैसे घेऊन वशिला लावण्यास, पूर्ण बंदी होती. १९८२ मध्ये विधिमंडळाने नवी दुरुस्ती सुचविली. तिच्या साराचा आशय असा की, माजी आमदारांनी आपल्या आर्थिक हितसंबंधांचे जाहीर विवरण दिल्याखेरीज त्यांस दोन वर्षे असे काम करण्यास मनाई राहील. वाचणाऱ्यास वाटावे की केवढा हा कडक नियम! प्रत्यक्षात पूर्ण बंदी आधीच होती, आणि नवी दुरुस्ती विवरणाची एक खिडकी उघडून ती बंदी सैल करीत होती. माजी गव्हर्नर रूबिन ॲस्क्यू न्यायालयात गेले आणि फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव मतपत्रिकेवरून काढावयास लावला. सारात जे लिहिले ते खोटे नाही. जे लिहिले नाही त्यात दोष आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

आमच्या वाचकांस येथे कुरुक्षेत्रावरील प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. अश्वत्थामा मेल्याचे धर्मराजाने द्रोणाचार्यांस मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख हलक्या आवाजात केला. शब्दशः ते खरे होते. तरीही भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला. महाभारतकारांनी अर्धसत्याची जी शिक्षा सांगितली तीच ह्या न्यायालयाने आपल्या परीने दिली.

त्याच न्यायालयाचा २००० सालचा निकाल तर एका अव्ययावर उभा आहे. फ्लोरिडाच्या राज्यघटनेत क्रूर 'किंवा' असामान्य शिक्षेस मनाई होती. १९९८ मध्ये देहान्त शिक्षा कायम राखण्याच्या शीर्षकाखाली एक दुरुस्ती आली आणि जवळजवळ ७३ टक्के मतांनी संमत झाली. तिने 'किंवा'च्या जागी 'आणि' घातले. पूर्वी शिक्षा क्रूर असली किंवा असामान्य असली तरी ती रद्द होऊ शकत होती. आता ती दोन्ही असावी लागणार होती, आणि तिचा अर्थ देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अर्थाबरहुकूम लावावा लागणार होता. नागरिकाचे संरक्षण आक्रसले, आणि सारांश त्याविषयी मुग्ध होता. मतदान होऊन दोन वर्षे लोटल्यावर न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. ७३ टक्के लोकांचे मत केवळ प्रश्न नीट विचारला नाही म्हणून वाया गेले, ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. म्हणूनच शीर्षकाची तपासणी मतदानापूर्वी व्हावी हे शहाणपणाचे.

आता कळीचा मुद्दा: गाऱ्हाणे घालावे कोणी? कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल स्वतः पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून येतो. ओहायोत हे काम पाच सदस्यांच्या मंडळाकडे आहे. त्याचा अध्यक्ष राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, तोही निवडून आलेला. २०२४ साली तेथे एक प्रस्ताव आला. मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम राजकारणी मंडळींकडून काढून नागरिकांच्या १५ जणांच्या आयोगाकडे द्यावे, असा त्याचा हेतू होता. सीमा पक्षाच्या सोयीने वाकड्यातिकड्या आखण्यास तिकडे 'जेरीमँडर' म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी ह्यांच्या कारकीर्दीत अशी आखणी झाली, त्यावरून हा शब्द आला. ही प्रथा बंद करण्यासाठी आणलेल्या प्रस्तावाच्या मतपत्रिकेवर मंडळाने असे छापले की, नव्या आयोगास दोन मोठ्या पक्षांपैकी एकास अनुकूल असे 'जेरीमँडर' करणे भाग पडेल! प्रत्येक पक्षास राज्यभर पडणाऱ्या मतांच्या प्रमाणाशी जागांचे प्रमाण जुळावे अशी अट प्रस्तावात होती. तिचाच हा अर्थ, असे समर्थन देण्यात आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ दुरुस्त्या सांगून बाकीची भाषा चार विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवली. प्रस्ताव सुमारे ५४ टक्के विरोधी मतांनी पडला. तो चांगला होता की वाईट हे येथून सांगणे आमचे काम नव्हे. पण औषधाच्या बाटलीवर रोगाचे नाव चिकटविल्यावर ती कोणी घेतली नाही तर नवल ते काय?

कोलोरॅडोने तीन अधिकाऱ्यांचे शीर्षक-मंडळ नेमले आहे. एका प्रस्तावात एकच विषय असावा, असाही दंडक त्या राज्याने १९९४ मध्ये घातला. गोड पदार्थात कडू गोळी घालून ती गिळावयास लावण्याची युक्ती त्याने बंद झाली. कर वाढविण्याच्या प्रश्नाबाबत तर १९९२ पासून त्यांच्या राज्यघटनेनेच वाक्याचा आरंभ ठरवून दिला आहे: कर दरसाल इतक्या डॉलरांनी वाढवावे काय? रक्कम आधी, गोड उद्देश मागाहून. ज्याच्या खिशास हात घालावयाचा त्यास प्रथम हात दिसावा, ही त्यामागील भूमिका.

परंतु आम्हांस सर्वांत पटली ती ओरेगॉनची रीत. तेथे शीर्षकाचे भाग पाडले आहेत. १५ शब्दांत विषय. त्यानंतर २५ शब्दांत, 'होय' मत जिंकले तर काय होईल. आणखी २५ शब्दांत, 'नाही' मत जिंकले तर काय होईल. शेवटी १२५ शब्दांत निःपक्षपाती सार. 'होय' आणि 'नाही' ह्यांची वाक्ये शक्य तितकी समांतर रचनेची असावीत, असेही कायद्यात लिहिले आहे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणाही मतदाराने लेखी हरकत घ्यावी. त्या पाहून ॲटर्नी जनरलने शीर्षक कायम करावे. तरीही समाधान न झाल्यास थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जावे. मात्र ज्याने आधी हरकत नोंदविली त्यासच ही वाट खुली आहे. जो त्या वेळी गप्प बसला त्यास मागाहून ओरडता येत नाही. "उजवी पडली तर काय करणार, डावी पडली तर काय करणार," असे विचारणारे आमचे वृद्ध पुजारी ओरेगॉनला कधी गेले नव्हते. पण ह्या कायद्यात आम्हांस त्यांचाच आवाज ऐकू येतो.

एवढे पाहून झाल्यावर १९६७ च्या आपल्या मतपत्रिकेकडे परत यावे. तिचा प्रश्न संसदेने १९६६ च्या कायद्याने ठरविला होता. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे? दमण व दीव येथे महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता. येथे 'होय' आणि 'नाही' असे नव्हते. दोन विधाने समोरासमोर होती. विलीनीकरणास फूल आणि केंद्रशासित प्रदेशास दोन पाने, अशी चिन्हे होती. ही रचना किती हिताची होती हे अमेरिकेचा अनुभव पाहिल्यावर ध्यानात येते. कोणासही नकाराचे ओझे वाहावे लागले नाही. प्रत्येकास आपल्या इच्छेस होकार देता आला. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही आपले मत कोठे जाते हे कळत होते. फूल शुभ आणि पानही शुभ. देवापुढे दोन्ही चालतात. शिवाय मतदानापूर्वी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ह्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राजवट आली, ती कौल निःपक्षपाती व्हावा म्हणूनच. ज्याचे हित गुंतले आहे त्याने गाभाऱ्यासमोर उभे राहू नये, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

दोष नव्हता असे नाही. ज्यांस गोव्याचे स्वतंत्र राज्य हवे होते त्यांच्यासाठी तिसरी पाकळीच नव्हती. त्यांस दोन पानांवर मत द्यावे लागले. आणि ज्यांस केवळ आहे तसेच राहावयाचे होते तेही त्याच दोन पानांवर. म्हणजे पानांस पडलेल्या मतांचा अर्थ एक नव्हता. गोवा राज्य झाले ते ३० मे १९८७ रोजी, संसदेच्या कायद्याने. त्यासाठी पुन्हा कौल झाला नाही. तथापि फुलास १,३८,१७० आणि दोन पानांस १,७२,१९१ मते पडली, ३४,०२१ चे अंतर राहिले, आणि त्या निकालाविषयी दुःख पुष्कळांस झाले तरी "आम्हांस प्रश्नच कळला नव्हता" असे म्हणणारा आमच्या ऐकिवात नाही. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी फुलाची. त्यांच्या तोंडून पराभवाची अनेक कारणे आम्ही ऐकली, पण प्रश्नाचे शब्द फसवे होते असे कारण कधी ऐकले नाही. काही आठवड्यांतच, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि कौल हरलेला पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ज्या लोकांनी त्याची मागणी नाकारली त्यांनीच त्यास राज्य चालविण्यास दिले, आणि दोन्ही बाजूंची माणसे जत्रेत एकाच पालखीस खांदा देत राहिली.

ह्यावरून आमचे मत असे झाले आहे की, प्रश्न स्पष्ट असावा तो प्रामुख्याने हरणाऱ्यासाठी. जिंकणाऱ्यास शब्दांची फिकीर नसते. त्यास हवे ते मिळालेले असते. हरणाऱ्याने घरी जाऊन आपला पराभव पचवावयाचा असतो, आणि उद्या त्याच समाजात राहावयाचे असते. आपल्यास निष्कपटपणे विचारले गेले होते, एवढाच त्याचा आधार. तो काढून घेतला तर एका दिवसाचे मतदान पिढ्यांचे वैर होऊन बसते.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या महाजनांच्या सभेची सूचना आम्हांस आली. त्यात 'देवस्थानच्या जमिनींच्या सुव्यवस्थेबाबत विचार करणे' असा एक विषय होता. सुव्यवस्था कोणास नको? जेवणाची वेळ झाली होती. ठराव वाचला गेला. हात वर झाले. त्यात एक हात आमचाही होता, हे सांगावयास लाज वाटते. देवळाच्या पायथ्याची कुळागराची जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची, असे त्या ठरावात होते, हे आम्हांस इतिवृत्ताची प्रत वाचताना उमगले. पट्टा अद्याप झालेला नव्हता. आम्ही आणि आणखी काही महाजनांनी लेखी हरकत घेतली आणि विषय पुन्हा सभेपुढे आणला. ह्या वेळी सूचनेत जमीन कोणती, मुदत किती, भाडे किती, ठराव संमत झाला तर काय होईल आणि फेटाळला तर काय राहील, हे सारे साध्या वाक्यांत लिहिले. वकिली कटकट म्हणून थट्टाही झाली. दोन तास कडाक्याचा वाद झाला आणि ठराव, मुदत कमी करून, पुन्हा संमत झाला. आम्ही विरुद्ध मत दिले आणि हरलो. पण त्यानंतर कोणी न्यायालयात गेले नाही, कोणी वर्गणी बंद केली नाही, आणि त्या वर्षीच्या जत्रेस सगळे आले.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण कोठे ना कोठे समितीवर असतील. कोणी देवस्थानच्या, कोणी शाळेच्या, कोणी ग्रंथालयाच्या. पुढील सभेची सूचना लिहावयास बसाल तेव्हा त्या पुजाऱ्यांचे दोन प्रश्न आधी स्वतःस विचारा. त्यांची उत्तरे सूचनेतच लिहून टाका, आणि मग खुशाल पाकळी लावा.